पाचशेच्या वर ओळखी

लिंक्डइनवर मुहैस्नाहमध्ये कोणीच राहत नाही. तिथे सगळे दुबईत राहतात. नावाखाली ‘दुबई, संयुक्त अरब अमिराती’, वरच्या पट्टीत बुर्ज खलिफा, आणि प्रत्यक्षात माणूस मेट्रोच्या ग्रीन लाईनच्या शेवटच्या स्टेशनबाहेर फीडर बसची वाट बघत घाम पुसतोय. आमच्याकडूनही बुर्ज खलिफा दिसतो, नाही असं नाही. धूळ नसली, दमट धुकं नसलं आणि वॉचमनने गच्चीची किल्ली दिली की दिसतो. पण त्या पट्टीतला बुर्ज इतका जवळ असतो, की गडी त्याच्याच तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो असं गावाकडच्यांना वाटावं.

दुबईतल्याच या मुहैस्नाहचे चार भाग. एक, दोन, तीन, चार असे आकड्यांनीच ओळखले जाणारे. चारमध्ये आम्ही बिऱ्हाडवाले. लुलू व्हिलेज, मदिना मॉल, शाळेच्या पिवळ्या बसेस, आणि नातवंडं सांभाळायला व्हिजिटवर येऊन संध्याकाळी खाली बाकावर एकमेकींच्या सुनांची माहिती काढणाऱ्या आज्या. दोनमध्ये कामगारांचे कॅम्प. त्या भागाला सगळी दुबई ‘सोनापूर’ म्हणते. सरकारी नकाशात ते नाव नाही, बसमधल्या माणसांच्या तोंडी मात्र तेच. जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हटलं की मरीन लाईन्सचं स्मशान आठवतं, म्हणून आमच्या घरापासून ते किती जवळ आहे हे माझ्या गिरगावातल्या आत्याला मी अजून सांगितलेलं नाही.

ओळखी वाढवणं, ज्याला हल्ली नेटवर्किंग म्हणतात, हा या दोन्ही भागांतला नित्याचा उद्योग. पुण्यात तो हौसेने करता येतो. इथे त्याला पर्याय नसतो, कारण नोकरी गेली की नुसता पगार जात नाही. राहण्याचा परवानाही त्याच दोरीला बांधलेला असतो. व्हिसा रद्द झाला की राहायला काही मुदत मिळते. २०२३ पासून बेकारीचा सक्तीचा विमाही आलाय, तो थोडे महिने हात देतो. पण घरमालकाकडे पुढच्या तारखांचे चेक आधीच जाऊन बसलेले असतात, मुलीची सहामाही तोंडावर असते, आणि गावाकडे कोणाला कळू द्यायचं नसतं. अशा वेळी माणूस फोन उघडतो आणि आजवर कधी मोजल्या नव्हत्या त्या ओळखी मोजू लागतो.

लिंक्डइन त्या मोजूनच देतं. पाचशेपर्यंत नेमका आकडा दाखवतं आणि पुढे नुसतं ‘पाचशेच्या वर’ म्हणून सोडून देतं. २००३ साली हे दुकान सुरू झालं, २०१२ मध्ये दुबईत त्याचं ऑफिस आलं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २,६२० कोटी डॉलरला विकत घेतलं. एवढे पैसे मोजून घेतलेल्या जागी आमच्यातले निम्मे लोक फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. त्यासुद्धा यंत्राने आधीच लिहून दिलेल्या.

आमच्या मजल्यावर सांगलीकडचे एक गृहस्थ राहतात. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत ते एसीचे सुपरवायझर आहेत. कंपनीचं मोठं कंत्राट संपतंय अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या त्यांच्या भाच्याने फोनवरून पासवर्ड मागून घेतला आणि रातोरात मामांचं प्रोफाइल तयार केलं. सकाळी अण्णा फोन घेऊन माझ्याकडे आले. नावाखाली लिहिलेलं होतं : रिझल्ट्स-ड्रिव्हन एचव्हीएसी लीडर, पॅशनेट अबाउट कम्फर्ट, लाइफलाँग लर्नर.

मी त्याचा अर्थ सांगितला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ह्यो मानूस उद्या माझ्याकडं कामाला आला तर मी त्याला शिडी धरायलासुदिक ठेवनार न्हाय.”

अण्णांची अडचण त्यांच्या एकट्याची नाही. आपल्याकडे स्वतःबद्दल चांगलं बोलायचं काम नेहमीच दुसऱ्यावर सोपवलेलं असतं. लग्न जमवताना मामावर, सत्काराला सूत्रसंचालकावर, आणि सगळं आटोपलं की वर्तमानपत्रातल्या चौकटीवर. घरात कोणी स्वतःचं कौतुक करायला लागलाच तर आई ‘पुरे, दृष्ट लागेल’ म्हणून विषय बदलायची. अशा घरांतून आलेल्या माणसाला एका पांढऱ्या चौकोनापुढे बसवून ‘आता सांग, तू किती थोर आहेस’ म्हटलं, की त्याचे दोनच प्रकार होतात. पहिला काहीच लिहीत नाही. बारा वर्षांच्या अनुभवाची बारा अक्षरं होतात. दुसऱ्याचा बांध फुटतो. तो दर पंधरा दिवसांनी ‘हे कळवताना मला अत्यंत विनम्र वाटत आहे’ अशी सुरुवात करतो आणि त्याखाली हातात ट्रॉफी घेतलेले आपलेच चार कोनांतले फोटो टाकतो. इतक्या प्रकाशझोतात विनम्र राहणं हेही कौशल्यच म्हणायचं.

बाकी त्या भिंतीवर मनोरंजन भरपूर. एखाद्याने स्टोअरकीपरची जागा निघाल्याचं टाकावं की खाली ‘इंटरेस्टेड’, ‘इंटरेस्टेड सर’, ‘प्लीज चेक माय सीव्ही’ यांची रांग लागते. मी एकदा ती रांग वाचत खाली गेलो तर त्यात एक दंतवैद्यही उभे होते. मध्येच कोणीतरी ‘सीएफबीआर’ लिहितो. पोस्ट दूरवर पोहोचावी म्हणून केवळ परोपकाराने केलेली ही कमेंट. आपण स्वतः लिहायचं काहीच नाही, दुसऱ्याच्या पोस्टला धक्का मारायचा आणि पुढे जायचं. आणि दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये डोकावलं तर त्या माणसाला आपलं नाव कळतं, ही सोय काढणारा माणूस चाळीत राहिलेला नसणार एवढं नक्की. चाळीत डोकावण्याला ‘सहज आलो होतो’ हे उत्तर पुरायचं. इथे गुपचूप बघायची वेगळी सेटिंग आहे; आमच्या इमारतीत ती सगळ्यांना ठाऊक आहे, हे मला कसं कळलं ते विचारू नये.

मुहैस्नाहमध्ये विजेवर न चालणारंही एक लिंक्डइन आहे. व्हिसासाठीचं मेडिकल फिटनेस सेंटर. रक्त द्यायचं, छातीचा एक्स-रे काढायचा आणि तोवर टोकन धरून बसायचं. शेजारचा माणूस आधी देश विचारतो, मग कंपनी, मग ओव्हरटाइम मिळतो का आणि मिळतो तो वेळेवर मिळतो का. चार प्रश्नांत दोन्ही बाजूंचा बायोडेटा संपतो. लिंक्डइनवर इथपर्यंत पोहोचायला तीन महिने ‘ग्रेट इनसाइट्स सर’ लिहावं लागतं. रांगेतल्या माणसाला काय जमतं ते बघण्यासारखं आहे : तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, तो विचारतो. आणि विचारतो तेही पलीकडच्याला बसल्याजागी उत्तर देता येईल असं.

हे काही दुबईने शोधून काढलेलं नाही. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या असत. एका गावची माणसं एका खोलीत, प्रत्येकाची एक ट्रंक, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायच्या जागाही पाळीपाळीने. कोकणातून वा घाटावरून नवा पोरगा आला की आधी खोलीवर उतरायचा, खाणावळीत त्याचं नाव लागायचं, मग कोणीतरी त्याला मुकादमापुढे उभं करायचं. गिरणीत भरतीचा कारभार मुकादमाच्या हातात. आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर खोलीतल्या कोणीतरी ‘आपला आहे’ म्हणावं लागायचं. धोबी तलावाच्या जेर महालात गोव्याच्या गावांचे क्लब होते, म्हणजे कूड. बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशी तिथे दिवस काढत आणि कुठली बोट कधी सुटते, कुठे माणसं हवीत, हे जेवणाच्या ताटावर कळे. आखातात येणारी कोकणातली पहिली माणसंही अशीच आली, रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांच्या घरांतली कितीतरी. मुंबईहून आखाताच्या बंदरांना जाणारी ‘द्वारका’ बोट १९८२ पर्यंत चालू होती. डेकवर वळकटी पसरून आलेल्या माणसाची उतरायच्या आत निदान एका माणसाशी तरी ओळख व्हायची, आणि पुष्कळदा तीच पुढे आयुष्यभर पुरायची.

कोण उपयोगी पडतं, जवळचा की लांबचा, याचा हिशोब मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याने ही नोकरी सांगितली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? शंभरात जेमतेम सतरा म्हणाले, नेहमी. छप्पनजण म्हणाले, अधूनमधून. उरलेले म्हणाले, क्वचित. कारण सरळ आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही आधीच ठाऊक असतं. दोघेही एकाच कट्ट्यावर बसून एकाच कंपनीला शिव्या घालत असतात. नवी बातमी येते ती वर्षातून एकदा गणपतीला भेटणाऱ्याकडून.

पुढे २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच गोष्टीची अवाढव्य तपासणी छापून आली. ‘यांना तुम्ही ओळखत असाल’ म्हणून लिंक्डइन जी नावं सुचवतं, त्यांत जवळचे किती आणि लांबचे किती हे पाच वर्षं कमी-जास्त करून पाहिलं होतं, सुमारे दोन कोटी लोकांवर. त्या दोन कोटींना अर्थातच आपण प्रयोगात आहोत याचा पत्ता नव्हता, आपल्यालाही नसावा. निष्कर्ष असा, की ग्रॅनोव्हेटर बरोबर होता, पण पूर्ण परका माणूसही फारसा कामाचा नाही. थोडीशी ओळख, मध्ये काही समान माणसं, अशी ओळख सर्वांत जास्त फळते. आणि एक पोटकलम : जिथे काम संगणकावर चालतं त्या धंद्यांत लांबच्या ओळखी जास्त चालतात; जिथे चालत नाही तिथे जवळच्याच.

हे वाचताना मला आमचा चार नंबर आणि दोन नंबर डोळ्यांपुढे दिसले.

दोन नंबरातला एक पोरगा अण्णांच्या हाताखाली काही महिने होता. नांदेडकडचा, तेलंगणाला लागून असलेल्या गावचा. मराठी, तेलुगू आणि हिंदी एकाच वाक्यात बोलणारा. निजामाबादच्या पोरांच्या खोलीत तो आला, कारण आखाताची वाट त्यांच्या गावांनी कधीच पाडून ठेवलेली. काम डक्टमनचं, पत्र्याचे हवेचे मार्ग बनवून ते फॉल्स सीलिंगच्या आत चढवायचे. त्याला लिंक्डइन माहीत नाही. त्याचा बायोडेटा त्याच्या फोनच्या गॅलरीत आहे. मी तो पाहिलाय. पत्र्याला पत्रा जिथे मिळतो तिथला फोटो, अगदी जवळून : फ्लॅन्जचे बोल्ट सारख्या अंतरावर आणि सीलंटची रेघ शाळेतल्या अक्षरवहीत ओढावी तशी, कुठे फुगलेली नाही की तुटलेली नाही. पुढचा फोटो वळणाचा, मग इन्सुलेशन चढवल्यावरचा. एकाही फोटोत तो स्वतः नाही, इमारतीचं नाव नाही, दुसरा माणूस नाही. हे तो चित्र चांगलं दिसावं म्हणून करत नाही. इथे परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढून टाकणं अंगाशी येतं, हे त्याला खोलीतल्या मोठ्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलंय. जानेवारी २०२२ पासूनच्या सायबर कायद्यात तो गुन्हा आहे, आणि कोणाला ऑनलाइन शिवी देणं हाही. आमच्या चार नंबरातल्या सुशिक्षित ग्रुपांवर मॅनेजरच्या नावाने जे काय लिहिलं जातं, ते पाहता दोन नंबरातली ही खोली कायद्याच्या बाबतीत जास्त सुसंस्कृत ठरावी.

हे फोटो त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला असतात. व्हॉट्सॲपवरून इथे फोन लागत नाही, नुसतं लिहिता येतं आणि चित्रं पाठवता येतात. कोणाकडे डक्टमन हवा असला की खोलीतला कोणीतरी ते स्टेटस पुढे ढकलतो. बघणाऱ्याला ‘पॅशनेट’ वाचावं लागत नाही. त्याला सीलंटची रेघ दिसते.

मराठी ग्रुपांचं काय विचारता! तिथे जागा निघाल्याची बातमी येते, नाही असं नाही, पण ती सकाळी गुलाबाच्या फुलावरच्या सुविचारानंतर आणि मधुमेहावरच्या कारल्याच्या उपायाआधी येते. दुपारपर्यंत ती इतकी वर जाते की शोधायला उत्खनन करावं. शिवाय ग्रुपवर नोकरी मागायची आपल्याला लाज. ‘एका मित्रासाठी विचारतोय’ असं लिहिलेलं असतं, आणि तो मित्र कोण हे खाली बाकावरच्या आज्यांनासुद्धा माहीत असतं. त्यापेक्षा अल अदिलच्या दुकानात मेतकूट घेताना झालेली ओळख बरी. १९८४ साली दुबईत एका लहान दुकानापासून दातारांनी जे सुरू केलं, त्याच्या काउंटरपुढे किती मराठी माणसांच्या गाठी पडल्या असतील, देव जाणे. महाराष्ट्र मंडळाचा गणपती आहे. धंदेवाल्यांसाठी गल्फ महाराष्ट्र बिझनेस फोरम आहे, त्यांचं ‘महाबिझ’ भरतं. तिथे हल्ली कार्ड देत नाहीत, फोनवरचा चौकटीचौकटींचा कोड समोर धरतात. समोरचा तो टिपतो आणि तुम्ही त्याच्या पाचशेच्या वर ओळखींत जाऊन पडता. दुसऱ्या दिवशी त्याला एवढंच आठवतं की कोणीतरी निळा सदरा घातला होता.

म्हणून माझं मत असं, की ओळख झाली त्याच रात्री दोन ओळी लिहाव्यात. ‘आज वडापावच्या रांगेत आपण जबल अलीच्या कस्टम्सबद्दल बोललो, तो निळा सदरावाला मी.’ एवढं पुरे. लगेच सीव्ही जोडू नये; पहिल्या भेटीत पत्रिका काढणाऱ्यापासून लोक लांब पळतात. मागायचंच तर छोटं मागावं. ‘काही जॉब असेल तर सांगा’ या वाक्याला कोणाकडेच उत्तर नसतं, कारण कोणाच्याही खिशात जॉब नसतो. ‘तुमच्याकडे देखभालीचं काम बाहेर देतात की स्वतःची माणसं आहेत?’ याला उत्तर असतं, आणि ते देताना माणूस आपणहून पुढचं सांगतो. आणि नोकरी लागल्यावर कळवावं. नाहीतर ज्याने नंबर दिला त्याला तीन महिन्यांनी लिंक्डइनवरूनच समजतं की आपला माणूस लागला. तो मुकाट्याने अंगठा दाबतो आणि पुढच्या वेळी कोणाला नंबर देत नाही.

अडल्यानेडल्या माणसाच्या वासावर फिरणारेही इथे आहेत. प्रोफाइलच्या फोटोभोवती नोकरी हवी असल्याचं हिरवं कडं लावलं की दोन तासांत एका सुंदर मुलीचा निरोप येतो : तुमची निवड झाली, व्हिसाचा खर्च म्हणून एवढे दिरहम भरा. मुलाखत नाही, प्रश्न नाही, थेट निवड. आमच्यासारख्यांचं आयुष्यात इतक्या सहज काही झालेलं नसतं, तेव्हा तिथेच शंका यायला हवी. अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून तो घेताच येत नाही. हे दोन नंबरातल्या खोलीला तोंडपाठ असतं, कारण गावाकडच्या एजंटला पैसे मोजून त्यांनी ते शिकलेलं असतं. एमबीए झालेली पोरं मात्र कार्ड काढून बसतात.

तर अण्णा. मी त्यांना म्हटलं, “अण्णा, भाच्याने लिहिलेलं काढून टाकू या. तुम्ही स्वतःबद्दल काही लिहूच नका.”

“मग काय ल्हायचं?”

“गेल्या आठवड्यात जेवताना सांगत होता ना, पाणी कुठून गळतं ते. ते लिहा.”

अण्णा उजळले. स्वतःबद्दल ज्या माणसाला एक ओळ सुचत नव्हती, तो पाण्याच्या गळतीबद्दल वीस मिनिटं न थांबता बोलला. मी टाइप करत गेलो. ऑगस्टमध्ये सीलिंगमधून पाणी टपकलं की सगळे म्हणतात पाइप फुटला. पोरं जातात, ट्रे साफ करतात, ड्रेनमध्ये हवा मारतात. आठ दिवसांनी पुन्हा टपटप. अण्णा काय करतात? युनिट चालू असताना ड्रेनच्या तोंडाशी हात धरून बसतात, आणि मग पंखा बंद करायला सांगतात. पंखा थांबताच भस्सकन पाणी आलं, की समजायचं पाइपला ट्रॅप नाही किंवा आहे तो उथळ आहे. पंखा आतून हवा ओढतो, ती ड्रेनमधून उलटी शिरते आणि पाण्याला बाहेर येऊ देत नाही. ट्रे भरतो आणि सांडतो. यू आकाराच्या वळणात पाणी साठून राहिलं की हवेची वाट बंद. “दहा दिरमचं काम,” अण्णा म्हणाले, “आन् लोकं सीलिंग फोडत्यात.”

मी शेवटी ‘धन्यवाद’ लिहिणार होतो. अण्णा म्हणाले, “कशाला? त्यांनी म्हनावं.”

नावाखालीही बदल केला. एसी सुपरवायझर, एफसीयू, चिलर, इमारतींची देखभाल, यूएई ड्रायव्हिंग लायसन्स. भाचा नाराज झाला. त्याचं म्हणणं यात ‘पर्सनॅलिटी’ नाही. असेल. पण माणसं शोधणारी एचआरवाली मुलगी शोधाच्या चौकोनात ‘चिलर’ घालते, ‘लायसन्स’ घालते. ‘लाइफलाँग लर्नर’ घालून सुपरवायझर शोधणारी कंपनी मला तरी अजून भेटलेली नाही, आणि भेटली तर तिच्या इमारतीत मी ऑगस्टमध्ये जाणार नाही.

पोस्ट शुक्रवारी दुपारी टाकली. ही वेळ वाईट. २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी झाली, शुक्रवार अर्धा. जुम्म्याच्या नमाजानंतर इथे कोणी काही वाचत नाही. संध्याकाळपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अंगठे आले. त्यातला एक भाच्याचा, एक माझा. कोणीतरी ‘नाइस पिक’ लिहिलं, फोटो नसताना. अण्णांनी तेवढ्यावर समाधान मानलं आणि वहिनींना म्हणाले, “झालं आपलं नेटवर्किंग.”

रविवारी अजमानहून एका मल्याळी इंजिनिअरचा निरोप आला. अण्णांची आणि त्याची थेट ओळख नाही. मध्ये चार-दोन माणसं सारखी, दोघांनीही कधीतरी एकाच टॉवरवर काम केलेलं, वेगवेगळ्या वर्षी. शास्त्रज्ञांनी सांगितली तेवढीच, ना जवळची ना लांबची. त्याने ‘ग्रेट इनसाइट्स’ लिहिलं नव्हतं. त्याने विचारलं होतं, ट्रॅप किती खोल ठेवता? अण्णांनी मला टाइप करायला सांगितलं, मग दुसऱ्याच वाक्याला कंटाळून त्याचा नंबर मागितला आणि सरळ फोन लावला. तेवढ्यासाठी आपलं टेलिफोनचं बिल वाढलं तरी चालेल, असं वहिनींकडे बघून म्हणालेही.

बोलणं हिंदीत चाललं होतं. एकाचं मल्याळी हिंदी आणि दुसऱ्याचं सांगलीचं. ट्रॅप झाला, पंख्याची ओढ झाली, मग चिल्ड वॉटरच्या पाइपाचं इन्सुलेशन जोडावर कसं सुटतं आणि पाइपाला घाम कसा येतो ते झालं. वहिनींनी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटी पलीकडून प्रश्न आला तो मला इथपर्यंत ऐकू आला : आपके पास कोई अच्छा डक्टमन है क्या?

“है ना,” अण्णा म्हणाले. “सोनापूर में. मराठी लडका है. फोटो भेजता हूं, पहले काम देखो, फिर बात करो.” आणि माझ्याकडे वळून, “त्या नांदेडच्या पोराचं स्टेटस काढा बगू.”

मी ते पाठवलं. फोन ठेवून अण्णा ताटावर बसले.

“आणि तुमच्या नोकरीचं?” वहिनींनी विचारलं. “ते बोलला का काही?”

“त्यो विषयच न्हाय निघाला,” भाकरी मोडत अण्णा म्हणाले. “बुधवारी परत फोन करनार हाय त्यो. फ्लोट स्विचचं बोलायचं ऱ्हायलंय.”